आईचा भोपळा आणि लिफ्टमधला परकीय पदार्थ

तीर्थरूप दादा यांस,

धाकट्याचा कमरेत वाकून नमस्कार. (या वाकण्यात नम्रता किती आणि उसण किती, हे पत्राच्या ओघात कळेलच.) तुझा रक्तदाब, वहिनींचा गुडघा आणि तुमच्या दारातला तो झोपाळू कुत्रा, तिघंही आपापल्या जागी ठीक असतील असं धरून चालतो. इकडे आम्ही खाऊनपिऊन सुखी आहोत. आईची तब्येत उत्तम आहे. इतकी उत्तम, की काळजी आमच्याच तब्येतीची वाटते.

आई आमच्याकडे चार दिवसांसाठी म्हणून आली, त्याला आता एक अख्खा ऋतू उलटून गेला. आल्या दिवशी तिने स्वयंपाकघरातला कचऱ्याचा डबा उघडला आणि नापास झालेल्या मुलाचं प्रगतिपुस्तक बघावं तशी बराच वेळ त्यात बघत उभी राहिली. आत बटाट्याच्या साली, कोथिंबिरीच्या काड्या आणि पावाच्या वाळक्या कडा होत्या. "एवढं सगळं टाकता तुम्ही?" एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून आमच्या घरातून काहीही बाहेर गेलेलं नाही (मी सोडून, आणि मीही संध्याकाळी परत येतो). साली कुरकुरीत होऊन ताटात येतात, काड्या सूप होऊन येतात, पावाच्या कडांचा चुरा तर इतक्या रूपांनी भेटतो की आता ओळख पटेनाशी झाली आहे. आंघोळीच्या मोठ्या बादलीत मिठाच्या पाण्यात काकड्या मुरत आहेत, त्यामुळे आम्ही धाकट्या बादलीत भागवतो. माझं हत्यारांचं कपाट बरण्यांनी घेतलं, हत्यारं पलंगाखाली गेली, आणि पलंगाखालचे कांदे आता माझ्या बुटांशेजारी नांदत आहेत. तुझ्या भावजयीला सुरुवातीला या सगळ्याचं फार कौतुक होतं. दुकानातल्या बायकांना ती डब्यातलं दाखवून "हे सगळं घरचं बरं का" म्हणून सांगायची. मग एकदा गिऱ्हाइकासमोर तिने चष्म्याचं घर उघडलं आणि त्यातून वाळत घातलेलं घेवड्याचं बी काउंटरभर सांडलं. (चष्म्याच्या दुकानात खाली सांडलेलं बी शोधायला सगळेच वाकतात, पण दिसत कुणालाच नाही.) तेव्हापासून ती कौतुक मनातल्या मनात करते.

गॅलरीची हकीकत वेगळी सांगायला हवी. आईने जुन्या टेबलाचे खण काढून त्यांत माती भरली आणि टोमॅटो, घेवडा, पालक असं कायकाय लावलं. ते सगळं गुणाने वाढलं. भोपळ्याचा वेल मात्र खाली सोडला तर वर जायचा, डावीकडे बांधला तर उजवीकडे जायचा, आणि एक दिवस तो आमच्या गॅलरीतून वरच्या मजल्यावर गेला. वर दातांचे डॉक्टर राहतात. एकटेच असतात, बाहेरच्या खोलीत दवाखाना, आत बिऱ्हाड. वेलाने त्यांच्या दवाखान्याच्या खिडकीच्या गजांना मिठी मारली आणि तिथेच एक इवलासा भोपळा धरला. डॉक्टर सज्जन, त्यांना आनंदच झाला. पेशंटला इंजेक्शन द्यायच्या वेळी ते म्हणायचे, "जरा तो भोपळा बघा," आणि पेशंट भोपळा बघेपर्यंत सुई टोचून मोकळे व्हायचे. पण भोपळा वाढीला लागला तो बरोबर दोन गजांच्या मधे. अर्धा आत, अर्धा बाहेर, मधे गजांनी कंबर आवळलेली. शेवटी खिडकी लागेना. पाऊस तिरका आला की पेशंटने चूळ भरायच्या आधीच त्याच्या तोंडात पाणी.

डॉक्टर खाली आले आणि अत्यंत अदबीने म्हणाले, "मावशी, तो आता कापायला हवा." आई म्हणाली, "देठासकट अख्खा राहिला तर महिनोन्‌महिने टिकतो. कापलेला दोन दिवसांत संपवावा लागतो. एवढा मोठा दोन दिवसांत कोण संपवणार, तुम्ही?" डॉक्टरांनी एक पायरी खाली उतरून विचारलं, मग काय करायचं? आई म्हणाली, "गज कापा." मी मधे पडून म्हटलं की आई, लोखंड आणि भोपळा यांत महाग काय? त्यावर ती म्हणाली की गज पुन्हा जोडता येतात, भोपळा येत नाही. दादा, मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, कापणं-जोडणं हा माझा रोजचा धंदा, तेव्हा हे मलाच पटलं. शिवाय गज कापायचं यंत्र माझ्याच गाडीत असतं, हे आईला ठाऊक होतं.

सुट्टीच्या दिवशी मी वर जाऊन गज कापले. त्याच वेळी डॉक्टरांकडे आमच्या इमारतीचे सेक्रेटरी दाढ काढायला आले होते. डॉक्टरांनी त्यांना इंजेक्शन दिलं, जबडा बधिर होईपर्यंत स्वस्थ बसा म्हणाले, आणि तेवढ्या वेळात भोपळा खाली पोचवून येतो म्हणून निघाले. भोपळा गजांतून मी एकट्याने ओढून काढला होता आणि माझी कंबर तिथेच धरली होती. जिन्यावर माझ्या हातात भोपळा द्यायला देखरेखीला वर आलेली आई तयार नव्हती. ("पडलास तर?" असं ती म्हणाली, पण बघत भोपळ्याकडे होती.) म्हणून ती, डॉक्टर आणि भोपळा लिफ्टने निघाले आणि मी भिंत धरत जिन्याने. एका मजल्याचा तर प्रवास. लिफ्ट मधेच थांबली.

माझ्याच इमारतीतली लिफ्ट. मी वाकलेल्या कमरेने गच्चीवर मशिनरूमकडे गेलो. दार उघडं होतं. आत दोऱ्याच दोऱ्या, आणि दोऱ्यांवर टोमॅटोच्या चकत्या, सफरचंदाच्या चकत्या, मिरच्या. खोली कोरडी, मोटार चालली की ऊब येते, माश्या नाहीत. वाळवणाला याहून चांगली जागा मलाही सुचली नसती. माझ्या खिशातली किल्ली आई कधी घेऊन जायची हे मला आजतागायत कळलेलं नाही. पॅनेलचं झाकण तिने उघडून ठेवलं होतं, आतून गरम वारा येतो म्हणून, आणि टोमॅटोची एक चकती सुटून बरोबर विजेच्या दोन संपर्कांच्या मधे चिकटून बसली होती. मेन स्विच पाडून मी ती चकती चिमट्याने काढली. मग तिथेच खाली बसलो. दादा, हसू आलं नाही मला. जिथे आम्ही हातमोजे घालून हात घालतो, त्याच्या वीतभर अंतरावर तिची चिमट्यांची परडी ठेवलेली होती.

खालून आवाज येत होते. आई विचारत होती, "रात्री काय खाता तुम्ही?" डॉक्टर म्हणाले, "टोस्ट." "आणि सकाळी?" मग डॉक्टर हळूच म्हणाले, "टोस्टच." स्विच चढवून मी खाली आलो. लिफ्ट उघडली तेव्हा डॉक्टर खाली फरशीवर मांडी घालून, भोपळा मांडीत घेऊन बसले होते, आणि उद्यापासून त्यांचा डबा आमच्याकडून जायचा असं ठरून गेलं होतं. बदल्यात त्यांची गॅलरी आईला. तेवढ्यात सेक्रेटरी गळ्यात दवाखान्याचा रुमाल तसाच ठेवून जिन्याने खाली आले. लिफ्ट कशाने बंद पडली हे त्यांना विचारायचं होतं, पण जबडा पुरता बधिर होता, तोंडातून ब्र निघेना. मी सांगितलं, "संपर्कात परकीय पदार्थ." त्यांनी गंभीरपणे मान हलवली. दाढ काढल्यावर काही दिवस त्यांना पातळच खायचं होतं, म्हणून आईने त्यांना टोमॅटोचं सूप पाठवलं. परकीय पदार्थ त्यातच गेला, कारण टाकायचं काही नसतं.

तर असं सगळं आहे. वहिनींना नमस्कार सांग, आणि उत्तर सवडीने लिही.

तुझा,
धाकटा

ता. क. सवडीने नको, लगेच लिही. दादा, आईला तुझ्याकडे ने. तुझं घर बैठं आहे, मागे अंगण आहे, आणि मुख्य म्हणजे लिफ्ट नाही. किल्ली मी आता गळ्यात घालतो, पण मी दिवसभर दुसऱ्यांच्या लिफ्टमधे लोंबकळत असतो आणि माझं लक्ष सगळं घरी. हिचंही म्हणणं तेच आहे. खरं तर हे पत्र मी त्यासाठीच लिहायला घेतलं होतं.

ता. क. दुसरा. पत्र टेबलावर उघडं राहिलं आणि आईने वाचलं. रागावली नाही. "उसण" मधला "ऊ" मी दीर्घ काढला होता, तेवढा ऱ्हस्व केला, आणि "त्याला कळव, मी येते" असं म्हणून बॅग भरायला बसली. बादली घासून न्हाणीघरात ठेवली. कपाट रिकामं करून माझी हत्यारं जागच्या जागी लावून दिली, तीही मापाप्रमाणे. कोणत्या बरणीत काय आहे हे हिला शिकवलं. ही सगळं शिकली आणि मग दुकानात जायचं सोडून स्वयंपाकघरात नुसतीच बसून राहिली. डॉक्टर दोनदा येऊन "काही हवंय का" विचारून गेले. त्यांना काय हवंय ते आम्हाला दिसत होतं.

ता. क. तिसरा, आणि खरा हाच. दादा, नेऊ नकोस. मी मशिनरूमला नवीन कुलूप घातलंय, आणि वाळवणासाठी गच्चीवर जाळीचं कपाट करून देतोय, मोजमापं झाली आहेत. पण आई आता ऐकत नाही. "ठरलंय तर जाते," हे एकच पालुपद. राहा म्हणायला आम्हाला तोंड नाही, कारण जा आम्हीच लिहिलं. म्हणून तू असं कर: घराला रंग काढलाय, बसायलासुद्धा जागा नाही, सध्या येऊ नकोस, असं स्वच्छ लिही. ती तुझ्यावर चिडेल. चिडू दे. तू थोरला आहेस आणि लांब आहेस, तुला ते झेपेल. मात्र हे पत्रानेच कळव, फोन करू नकोस. फोनवर तिचा आवाज ऐकलास की तू "ये" म्हणशील. ती इकडे यायची होती तेव्हा मीही तसंच म्हणालो होतो.