सेक्रेटरीचा गुडाखू

१२ जानेवारी १९६१, मारेगाव
दारूबंदी मंडळाची सभा. सेक्रेटरी म्हणून सव्वा तास बोललो. निम्मे लोक उठून गेले. या गावाची लायकीच नाही. शेवटी मारोती न्हावी, पिण्यात गावात पहिला नंबर, मागून म्हणाला, "सेक्रेटरीसाब, तुमी गुडाखू सोडा, मी मोहाची सोडतो."
सगळे हसले. मूर्ख! गूळ-तंबाखूचे ते मंजन मी दिवसातून सहा वेळा घासतो ते दातांसाठी. पण मारोतीची बायको तुळसाबाई हात जोडून उभी राहिली. तिचे डोके त्याने दोनदा फोडले आहे. रागाच्या भरात भर सभेत शपथ घेतली.

१३ जानेवारी, सकाळी ६
सोडला. काही त्रास नाही. विल-पॉवर लागते.

सकाळी ९
डोके ठणकते. चहा पाणचट. इंदूबाईशी भांडलो. बायको असून नवऱ्याची किंमत नाही.

दुपारी ४
एकदम सोडले की हिरड्या सुजतात. औषध म्हणून एकदाच घासला. डबी चष्म्याच्या घरात.

२ फेब्रुवारी
मारोती अजून पीत नाही म्हणे. ढोंगी लेकाचा! तो प्यायला की माझी शपथ आपोआप सुटते. रोज चौकशी करतो.

१९ फेब्रुवारी
मारोतीला खोकला. दाढी करून घेता घेता सहज सांगितले, खोकल्यावर घोटभर मोहाची चालते. तुळसाबाईने ऐकले. माझ्याकडे असे पाहिले, जणू मीच भट्टी लावतो. भलाई करायची सोय नाही.

११ मार्च
इंदूबाईला डबी सापडली. म्हणाली, मारोतीला कळले तर तो पुन्हा पिईल, आणि तुळसाबाई पुन्हा रक्ताळलेले डोके घेऊन आपल्या ओसरीवर येईल. तुला काही कळत नाही, असे सांगून डबी मंडळाच्या फायलीमागे ठेवली.

१२ एप्रिल, सकाळी १०
तीन महिने पूर्ण. संध्याकाळी आम्हा दोघांचा सत्कार. दाढीला गेलो. घाईत चूळ भरायची राहिली. मारोती म्हणाला, गाल फुगवा. मग वस्तरा थांबला.
"सेक्रेटरीसाब, चूळ भरून या. तीन महिने तुमचं तोंड माह्याच हातात हाय. पह्यल्याच दाढीले वास आलता."
मी विचारले, मग तू प्यायला का नाहीस?
"तुमच्या भरोशावर सोडली असती तं तवाच प्यालो असतो. तुळसाच्या डोक्शाचे टाके पाहून सोडली."
हरामखोर. दाढी मात्र गुळगुळीत केली.

सायंकाळी ७
सत्कार झाला. निर्व्यसनी म्हणून आधी माझे नाव पुकारले. सगळ्यांत आधी टाळी मारोतीने वाजवली, आणि थांबलाही सगळ्यांच्या शेवटी. तुळसाबाईने माझ्या पायाला हात लावला. तिला त्याने सांगितलेले नाही. मला मान वर करता आली नाही. तोंड लपवायला दाढीसुद्धा नव्हती.