पाच दिवसांत बोलती ठमी

४ मार्च.
धाकटी बहीण ट्रेनिंगला गेली. पाच दिवस तिच्या घरी मुक्काम, ठमी माझ्या ताब्यात. भाची आठ वर्षांची, बोलत नाही. हवं ते चित्राचं कार्ड हातात ठेवून मागते : पाणी, झोपाळा, ‘पुरे’. घरच्या माणसांचे फोटोही त्यात आहेत. माझाही आहे, हसरा. बहीण दारातून बजावून गेली, “दादा, कार्डं म्हणजे तिचा आवाज आहे. ती लपवून ठेवू नकोस हं.” म्हटलं, “तू येईपर्यंत बोलती करीन.” आया हळव्या असतात. मी तीस वर्षं संस्कृत शिकवलं. तोंड न उघडणारा वर्ग मला नवा नाही.

५ मार्च, सकाळी.
संकल्प : कार्डं बंद. अडलं की वाणी आपोआप फुटेल. त्याला थेरपिस्ट कशाला? अपंगत्वावरचे दोन व्हिडिओ पाहिलेत. एक अर्धा. कार्डांची पिशवी फ्रिजवर ठेवली.

दुपारी.
ठमी मला ओढत बाल्कनीतल्या झोपाळ्यापाशी घेऊन गेली. तो मी आधीच वर अडकवला होता. म्हटलं, “आधी ‘झो’ म्हण.” मनगटाला कडकडून चावली. जबड्याची हालचाल उत्तम. प्रगती.

६ मार्च.
जेवली नाही. काय हवंय ते सांगतच नाही, हट्टी! टेबलाखाली जाऊन बसली. विभक्त्या म्हणून दाखवल्या. डोळे मिटून, दोन्ही कानांवर हात ठेवून ऐकल्या. एवढी एकाग्रता माझ्या वर्गात कधी नव्हती.
बहिणीचा फोन. “रडतंय कोण?” म्हटलं, “शेजारचं मूल.”

७ मार्च.
सकाळपासून फ्रिजसमोर बसून आहे. गारवा आवडत असावा.

संध्याकाळी.
जरा डोळा लागला. उठून बघतो तर फ्रिजपाशी खुर्ची, पिशवी गायब. ठमी पिशवी पोटाशी धरून बसलेली. काढून घेणार होतो. मनगटाकडे पाहिलं. राहू दिली.

८ मार्च.
बहीण आली. ठमी धावली आणि तिच्या हातात दोन कार्डं एकाला एक लावून ठेवली : माझा फोटो आणि ‘पुरे’.
बहिणीच्या डोळ्यांत पाणी. “दादा, दोन कार्डं जोडली रे तिने! आपणहून! दोन वर्षं याचीच वाट बघत होतो.”
म्हटलं, “बोलती करीन म्हटलं होतं ना?”
तेवढ्यात तिला माझं मनगट दिसलं, मग खुर्ची, मग फ्रिज. डोळे पुसले. “बोलली ना ती? मग ऐक आता.” माझी बॅग आणून दिली.
निघताना ठमीने माझ्या हातात झोपाळ्याचं कार्ड ठेवलं. मुकाट्याने झोपाळा खाली सोडला.

बसस्टॉपवर.
मनगट ठणकतंय. वाक्य मात्र निर्दोष होतं.