पडायचं कुणाच्या भरवशावर

सोल,
५ नोव्हेंबर १९९५

ती. मावशीस,
हेरानचा शि. सा. न. वि. वि.

तू पाठवलेलं कालवांचं लोणचं पोचलं. घरमालकीणबाईंना वासावरूनच कळलं, वाटी घेऊनच जिना चढल्या. उरलेलं मी आणि मिहवानं गरम भातावर घालून संपवत आणलंय. मिहवा म्हणजे माझ्या खोलीतली, माझ्याच संस्थेत नाचणारी. तिचं म्हणणं, तुझी मावशी मला दत्तक घेईल का, विचारून बघ.

मोठी बातमी अशी की डिसेंबरात आमचा पहिला प्रयोग आहे. कॉलेजात नाचलो ते मार्कांसाठी, इथे लोक तिकीट काढून येणार. नाट्यगृह तळघरात आहे आणि वर कोंबडी तळण्याचं दुकान. तालमीत वासानं जीव जातो. आमच्या प्योबाई, म्हणजे संस्था चालवतात त्या, म्हणतात की भुकेलं अंग बरं वळतं. त्यांनी मला एकटीनं नाचायचा एक तुकडा दिलाय. शिवाय मिहवाबरोबर जोडीचा नाच आहे. त्यात मी टेबलावर उभी राहून पाठमोरी खाली पडते आणि ती मला झेलते. वळून बघायचं नाही. आधी माझे गुडघेच वाकायचे. आता तिच्या श्वासावरून कळतं, ती कुठे आहे ते.

एक गोष्ट फक्त तुला लिहिते. उजवा घोटा उन्हाळ्यापासून सुजतोय. उडीवरून उतरले की कळ डोक्यात जाते. मिहवाला ठाऊक आहे, कारण पट्टी तीच बांधते. बाकी कुणाला नाही. वसंतात जपानचा दौरा आहे, त्यात नाव लागेपर्यंत हे बाहेर फुटता कामा नये. काकांनाही सांगू नकोस. तालीमघराचा फोन नंबर खाली देते, अगदी अडलं तरच कर.

काळजी कमी आणि लोभ जास्त कर, एवढंच मागणं.
तुझी,
हेरान


तोंग्योंग,
११ नोव्हेंबर

चि. हेरान हिस,
मावशीचे अ. उ. आ.

प्रयोगाचं वाचून तुझ्या आईच्या फोटोपुढे पत्र ठेवलं. कालवांच्या शेडमध्ये सगळ्या बायकांना सांगून झालंय. माझ्या शेजारी बसणारीनं विचारलं, कपडे घालून नाचतात ना? तिच्या हातावर कालव फोडायची सुरी आपटली, उलट्या बाजूनं.

पण घोट्याचं वाचल्यापासून घास उतरत नाही. काकांचा पाय बोटीच्या दोरखंडात सापडला तेव्हा तेही असंच म्हणाले होते, दोन दिवसांत उतरेल सूज. आज ते दारातून बंदराकडे बघत बसतात आणि मी शेडवर जाते. पाय गेलेला माणूस घरात कसा वावरतो, हे मला कुणी सांगायला नको. डॉक्टरकडे जा. नाही म्हणू नकोस.

आणि ही मिहवा कुठली, कुणाची? तिलाही जपानला जायचंच असेल ना? एका ताटात दोघींनी जेवावं, पण दुखणं एकीच्याच हातात देऊ नये. पट्टी स्वतः बांधायला शीक. प्रयोगाच्या दिवशी समुद्रशेवाळाचं सूप पिऊ नकोस, ते बुळबुळीत, प्यालं की माणूस घसरतं म्हणतात.

मी इथे आहे, हे ध्यानात ठेव.
तुझी,
मावशी


सोल,
२२ नोव्हेंबर

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तू लिहिलंस तेच खरं ठरलं. घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर पुन्हा वाच.

सोमवारी प्योबाईंनी तालीम थांबवली आणि सगळ्यांदेखत मला मोजा काढायला सांगितला. अंगठा घोट्यावर दाबला. मी ओठ आवळून उभी राहिले, पण डोळ्यांत पाणी आलंच. त्या म्हणाल्या, हे उन्हाळ्यापासून आहे म्हणे, आणि मला परक्याकडून कळावं? कोण परकं ते सांगेनात. तुझं भलं चिंतणारं माणूस आहे, एवढंच. माझा एकटीचा तुकडा काढून घेतला आणि तिथल्या तिथे मिहवाला दिला. ती नको म्हणाली नाही. मान खाली घालून जागेवर जाऊन उभी राहिली, जणू जागा आधीच ठरलेली होती.

उन्हाळ्यापासून, हे फक्त तिला ठाऊक होतं. खोलीवर आल्यावर विचारलं. ती नाही म्हणाली आणि वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करायला लागली. खरं बोलणारं माणूस चिडतं की नाही? ही टॉवेलांच्या कडा जुळवत बसली. आता मी खोलीत आले की ही केस धुवायला जाते. काल जिन्यात कॉफीच्या मशीनपाशी ती आणि प्योबाई हळू आवाजात बोलत होत्या, मला बघून दोघींनी कप टाकून दिले. भरलेले. जोडीचा नाच तेवढा माझ्याकडे उरलाय. रोज टेबलावर उभी राहते आणि पाठीमागे ही आहे, या विचारानं मानेवर काटा येतो. पडते, पण एक पाय आधीच खाली शोधत असतो. प्योबाई ओरडतात.

तू आधीच सांगितलं होतंस. तुझ्याशिवाय खरं बोलणारं माझं कुणी नाही.
तुझी,
हेरान


तोंग्योंग,
२७ नोव्हेंबर

चि. हेरान हिस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. यंदा कालवं भरलेली आहेत, काम उरकत नाही, म्हणून थोडक्यात लिहिते.

झालं ते वाईट झालं. पण उड्या तरी थांबल्या ना? सूज उतरली का ते तू लिहिलंच नाहीस. मिहवाचं म्हणशील, तर माणसाच्या मनातलं कोण सांगणार. मी मागे लिहिलं ते असंच, बायकी बोलणं. तिच्याशी भांडू नकोस. कुणी सांगितलं, का सांगितलं, हे उकरून तुझ्या हाती काय येणार? एखादं माणूस चुकीच्या दारानं येतं, पण येतं ते चांगल्यासाठीच.

काकांनी पायाला लावायचा लेप दिलाय, सोबत पाठवते. त्यांना मी काही सांगितलेलं नाही, त्यांचं त्यांनीच ताडलं.

जेवत जा.
मावशी


सोल,
१० डिसेंबर

ती. मावशीस,
शि. सा. न.

प्रयोग झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तुला बोलावलं नाही आणि तूही येते म्हणाली नाहीस, ते बरंच झालं.

मिहवानं माझा तुकडा नाचला. चांगला नाचली. पडद्याआडून बघताना ती चुकावी म्हणून मी मनात घोकत होते, आणि ती चुकत नव्हती.

मग आमचा नाच. टेबलावर चढले. दिवे डोळ्यांत, खाली अंधार. मागून तिचा श्वास ऐकू आला, नेहमीच्या जागी, नेहमीसारखा. पडायची वेळ आली आणि मी पडले नाही, मावशी. नुसती उभी राहिले. संगीत पुढे गेलं. मग टेबलावरून उतरले, माझ्या पायांनी, एखादी बाई स्टुलावरून उतरते तशी. वळले तर मिहवा हात पसरून तशीच उभी होती. मी खाली आले तरी तिनं हात मिटले नव्हते. प्रेक्षकांना ते तसंच बसवलंय असं वाटलं. पहिल्या रांगेतली एक बाई रडली म्हणे.

आत गेल्यावर मी तिला सगळ्यांसमोर चुगलखोर म्हणाले. तुकड्यासाठी माझा पाय विकलास म्हणाले. काल ती सामान घेऊन इंचॉनला, आईवडिलांकडे गेली. उरलेलं लोणचं माझ्यासाठी ठेवून गेली.

मी बरोबर केलं ना? तू तसं लिही.
हेरान


तोंग्योंग,
१५ डिसेंबर

चि. हेरान,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, तरी आहेतच.

फोन मी केला होता. तुझं पहिलं पत्र आलं, त्याला उत्तर टाकलं आणि दुसऱ्या दिवशी मासळी सोसायटीच्या कचेरीतून तू दिलेल्या नंबरवर फोन लावला. प्योबाईंना म्हणाले, पोरीचा पाय वाचवा, माझं नाव सांगू नका. त्या पोरीनं काही केलेलं नाही. तू तिच्यावर आळ घेतलास तेव्हाच मी लिहायला हवं होतं. बसले लिहायला, पण वाटलं, तुझा राग तिच्यावर आहे तोवर माझ्यावर नाही. तुझी आई गेल्यापासून तू माझ्यावर कधी रुसलीसुद्धा नाहीस. मी भ्याले.

फोन केल्याचा पस्तावा नाही. गप्प राहिल्याचा आहे. त्या मुलीकडे जा.

मावशी


सोल,
१४ जानेवारी १९९६

ती. मावशीस,
हेरानचा शि. सा. न. वि. वि.

महिनाभर लिहिलं नाही. दोनदा पत्र लिहून फाडलं. लोणचं कसं लागलं, म्हणून तू घरमालकीणबाईंकडे पत्रानं चौकशी केलीस, पण माझं विचारायचा धीर तुला झाला नाही, हे त्यांनी मला हसत सांगितलं. मला हसू आलं नाही.

मी इंचॉनला जाऊन आले. मिहवाच्या आईनं दार उघडलं, मी कोण ते कळल्यावरही आत घेतलं आणि आधी नूडल्स पुढे ठेवल्या. मिहवा समोर बसली. मी तुझं नाव सांगितलं, तर ती म्हणाली की तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. प्योबाईंनीच सांगितलं होतं, दक्षिणेकडच्या, तुझ्या गावच्या बोलीत बोलणारी एक बाई फोनवर रडत होती. जिन्यात त्या दोघी तेच बोलत होत्या, हेरानला सांगावं की नाही.

मग बोलली का नाहीस, असं मी विचारलं. ती म्हणाली, तुला एकच मावशी आहे, ती तुझ्यापासून कशाला तोडू. मला रडू आलं. तर म्हणाली, थांब, एवढी चांगली नाहीये मी. मला तो तुकडा हवा होता. खरं सांगितलं असतं तर तू माझा हात धरून, नाचू नकोस म्हणाली असतीस, आणि मला नाही म्हणता आलं नसतं. म्हणून गप्प बसणं सोयीचं होतं. म्हणजे मावशी, माझा संशय अगदीच वेडा नव्हता. फक्त बोट चुकीच्या जागी होतं.

निघताना ती म्हणाली, मी हात पसरून उभी होते आणि तू आली नाहीस, हे मी विसरणार नाही. बोलणं टाकणार नाही, पण विसरणारही नाही. खोलीवर परत येणार नाही म्हणाली. मी आग्रह केला नाही.

जपानला ती चाललीये. मी डॉक्टरकडे गेले. त्यांच्या मते आणखी महिनाभर उड्या मारल्या असत्या तर शीर तुटली असती. तू बरोबर होतीस, हे लिहायचं मी टाळत होते, म्हणून आधी लिहून टाकते. आता बसून तालीम बघते, आणि प्योबाई वसंतात पुन्हा उभी करते म्हणाल्यात.

पण तू माझा पाय वाचवलास तो मला न विचारता, आणि माझी मैत्रीण घालवलीस ती मला न सांगता. दोन्ही माझंच होतं. मी अजून रागावलेली आहे आणि उन्हाळ्यात घरी येईन तेव्हाही थोडी असेन. तू घाबरू नकोस. आपलं माणूस आहे म्हणूनच रागावते, शेजारणीवर कुणी एवढी शाई घालवत नाही. यापुढे माझ्याबद्दल काही विचारायचं असेल तर मला विचार. मी खोटं सांगितलं, तर पुन्हा विचार.

काकांना नमस्कार. लोभ कर, पण मला सांगून कर.
तुझी,
हेरान