प्रणोतीबाईंकडची शिकवणी

कांचघर, जबलपूर
रविवार

ती. सौ. विनतावहिनींस सुमेधचा वाकून नमस्कार.

या थंडीत तुमचे गुडघे काय म्हणतात? दादाचा दमा आणि दादाचा राग, दोन्ही आटोक्यात असतील असं धरून चालतो. (हे फोनवरही विचारता आलं असतं, पण तुमच्या फोनशेजारी नेहमी दादा बसलेला असतो.)

कारखान्यातल्या बढतीच्या परीक्षेला इंग्रजी व्याकरणाचा पेपर असतो, त्यासाठी मी चेरीतालला प्रणोतीबाईंकडे शिकवणीला जातो. बाई शाळेत इंग्रजी शिकवतात, वडील बाबाराव यांच्यासोबत राहतात, माझ्याच वयाच्या आहेत आणि माझ्यासारखंच त्यांचंही लग्न राहून गेलेलं आहे. (हे आपलं ओघात आलं.) बाकीचं व्याकरण मी भराभर उरकलं, पण जेरंड आणि पार्टिसिपल यांनी माझा पिच्छा पुरवला आहे. दोघांच्या शेवटी तेच आयएनजी. बाई म्हणतात, वेटिंग रूम बघा, ती खोली काही कोणाची वाट बघत नाही, ती वाट बघण्यासाठी असते, म्हणून तो जेरंड. आणि वेटिंग मॅन म्हणजे वाट बघत असलेला माणूस, तिथे पार्टिसिपल. हे ऐकता ऐकता माझं लक्ष खिडकीकडे जातं. बाहेर पेरूचं झाड आहे. त्यातून उतरतं ऊन वहीवर येतं, बाईंचा आवाज लांबून आल्यासारखा वाटू लागतो, आणि मला धुक्यातलं एक स्टेशन दिसतं. गाड्या नाहीत, बाकावर आम्ही दोघं, मध्ये चहाचा थर्मास, कुठे जायचं होतं ते कोणालाच आठवत नाही आणि त्याचं काही वाटतही नाही. मग बाई विचारतात, "काहून हो, समजून नाही राहिलं का?" मी मान हलवतो. त्या न चिडता पुन्हा पहिल्यापासून सांगतात. पलीकडच्या खोलीत बाबाराव घोरत असतात.

परीक्षा तोंडावर आली आहे. तरी दादाच्या ट्रंकेतलं ते जुनं व्याकरणाचं पुस्तक तेवढं पाठवा, नाहीतर बढती गेलीच म्हणून समजा. ऋचाला आशीर्वाद.

तुमचा
सुमेध

ता.क. पुस्तकाची तशी घाई नाही. परीक्षेचा निकाल दिवाळीआधीच लागला, मी पास आहे. बाईंना बोललो नाही. बोललो की शिकवणी संपली, आणि मग संध्याकाळी मी जाऊ कुठे?

आणखी ता.क. पत्र टाकायचं राहिलं ते बरंच झालं. आमच्या सेक्शनचा दंडक असा, की पास झालेल्याने पेढे वाटायचे, आणि तो टाळू लागला तर इतरांनी त्याच्या नावाने वाटायचे. आमचे शैलेंद्र भैया नेमके बाईंच्या गल्लीत राहतात. त्यांनी घरोघरी माझ्या नावाचे पेढे दिले, एकही घर सोडलं नाही. काल मी खाली मान घालून गेलो, तर वहीशेजारी बशीत पेढा. बाई म्हणाल्या, "खाऊन घ्या. मग मागचंच पुन्हा करू." वहिनी, मला इतका आनंद झाला की मी पेढा हातात धरूनच वही उघडली. तेवढ्यात पलीकडचं घोरणं थांबलं आणि बाबारावांचा चांगला खणखणीत आवाज आला, "अच्छा, सुमेधजी, तुमच्या घरचे कधी येऊन राहिले मग?"

तेव्हा पुस्तक राहू द्या. त्याच्याऐवजी दादाला घेऊन या. तोवर शिकवणी चालूच आहे.