चिमणीची टोपी

ताई,

चिमणीला पुन्हा केस उगवलेत गं! कापसासारखे मऊ. मी सारखा हात फिरवत बसते.

झटक्यांवर झटके येत होते, पोरीने मान टाकली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजार जन्मजात आहे, आईबाप दोघांकडून आलेला. एक जीवनसत्त्व तिच्या अंगात टिकत नाही. ते रोज द्यायचं, जन्मभर."

"एवढंच?"

"एवढंच. कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळतं, कित्येक वर्षांपासून."

चिमूटभर पांढरी पूड दुधात कालवली, आणि दुसऱ्या दिवशी झटके थांबले! मग एक दिवस तिने मान उचलून माझ्याकडे बघितलं आणि हसली. ऐकायला मात्र कमीच येतं. ते बहुधा तसंच राहील.

बाईंनी विचारलं, "घरात आणखी कुणाला असं झालं होतं?" आपण सख्ख्या बहिणी, सख्ख्या भावांना दिलेल्या. मी चिमणीच्या डोक्यावरच्या टोपीकडे बघत राहिले. तुझ्या गोट्याचे केस गळाले, तेव्हा तू त्याच्यासाठी विणलेली टोपी; तो गेल्यावर तूच ती मला दिलेलीस.

हे पत्र काही मी टाकणार नाही. काल फोनवर तू विचारलंस, "कशाने गं गुण आला?"

मी म्हणाले, "नवीनच औषध निघालंय, ताई. गोट्याच्या वेळी नव्हतं."

तुझीच,
धाकटी