पाळीवरची सात घरं

बाई, तुमची वही आता माझ्याकडे नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर इकडचं तिकडचं लिहीत बसेन आणि मुद्द्याचं राहून जाईल. निळ्या पुठ्ठ्याची ती लांब वही, जिच्या पहिल्या पानावर तुम्ही स्वतःच्या हातानं गावाचं नाव लिहिलं होतं, ती मी चाळीस वर्षं जपली. लग्न होऊन मी गावातल्या गावातच राहिले, त्यामुळे ती सासरी आली एवढंच. धानाच्या कोठीवर, उंदीर पोचणार नाहीत अशा जागी, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेली असायची. आता ती कुठल्या तरी कार्यालयाच्या कपाटात आहे, आणि आपलं गाव, बाई, जागेवर नाही.

तुम्ही आलात तेव्हा मी चौथीत होते. ब्रह्मपुरीकडून आलेल्या, बौद्ध घरातल्या, एकट्या राहणाऱ्या मास्तरीणबाई. गावानं तुम्हाला खोली दिली नव्हती हे मला तेव्हा कळत नव्हतं. मला वाटायचं, तुम्हाला तलाव आवडतो म्हणून तुम्ही पाळीवर राहता. तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून सात घरं होती, त्यातल्या एका घरानं तुम्हाला पडवी दिली होती. त्या घरची मुलगी माझ्या वर्गात होती, माझ्याच बाकावर. शनिवारी दुपारी शाळा सुटली की आम्ही दोघी शिंगाड्याच्या दिवसांत तुमच्याकडे यायचो. तुम्ही चुलीपुढं बसून शिंगाडे उकडायचात, आणि आम्ही हात पोळत ते सोलायचो. तिथंच तुम्ही ते वहीचं काम काढलंत. चौथीच्या पोरांनी दोघादोघांनी घरोघरी जायचं, म्हाताऱ्या माणसांना विचारायचं. तुम्ही इथं कधी आले, कुठून आले, घर कोणी बांधलं, तलावात जाळं कोण टाकायचं, वाघानं कोणाला नेलं, कोण पोहताना बुडालं. पोरं पाट्यांवर, कागदांवर लिहून आणायची आणि माझं अक्षर चांगलं म्हणून वहीत मी उतरवून घ्यायची. “राजांचं लिहून ठेवणारे पुष्कळ आहेत,” तुम्ही म्हणालात, “आपल्या माणसांचं आपण नाही लिहिलं तर कोण लिहील?”

सगळं गाव वहीत आलं. आमच्या ढिवर मोहल्ल्यातली, मासे धरणाऱ्यांची घरं आली, माळ्यांची आली, बौद्धवाडा आला, टोकाची दोन गोंडांची घरं आली. आंधळी म्हातारी होती, तिला साल विचारलं की ती म्हणायची, “तलाव फुटला त्याच्या आंधीच्या साली.” तिचं सगळं आयुष्य तलाव फुटायच्या आधीचं आणि नंतरचं होतं. तेही मी तसंच लिहिलं.

पाळीवरची सात घरं राहिली होती. ती माझ्या वाटणीला होती. मी गेले नाही. त्या आठवड्यात बाकावरच्या मैत्रिणीशी माझं भांडण झालं होतं, कशावरून ते आठवतही नाही, इतकं क्षुल्लक. घरी बाबांना विचारलं, पाळीवरचे लोक कुठले हो? बाबा जाळं विणत होते. मान वर न करता म्हणाले, “बाहेरचे आहेत ते. सरकारी जागेवर झोपड्या टाकून बसले.” मी सुवाच्य अक्षरात तेवढ्याच दोन ओळी उतरवल्या, आणि वही तुमच्या टेबलावर ठेवली.

तुम्ही मला मारलं नाही. मधल्या सुट्टीत थांबवून घेतलंत, ते पान उघडून पुढं ठेवलंत आणि विचारलंत, “हे तुले कोणत्या घरानं सांगितलं?” वर्गात तुम्ही कधी तसं बोलायचा नाहीत, पुस्तकातलं बोलायचात. त्या दिवशी तुम्ही आमच्यासारखं बोललात, म्हणून मी जास्त घाबरले. मी पेन घेऊन त्या ओळी खोडायला गेले. मग तुम्ही म्हणालात, “खोडू नको. खोडलं का वाटते, काही लपवलं. तू पाळीवर जाय, त्याहिले विचार, आन ते जे सांगतीन ते याच्याच खाली लिही.” खाली अर्धं पान कोरं होतं. मी हो म्हटलं. त्यानंतर पंधरा दिवसांत तुमच्या बदलीचा कागद आला. निघताना तुम्ही वही माझ्या हातात दिलीत आणि विचारलंत, ते पान झालं का. मी म्हटलं, झालं. तुम्ही उघडून पाहिलं नाही. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात, आणि एसटीत बसलात.

तुम्ही भामरागडकडच्या शाळेत गेलात. मी सातवीत असताना तुम्ही वारल्याची बातमी आली, तीही दोन महिन्यांनी. पावसाळ्यात ताप चढला, नदीला पूर, रस्ता बंद, पाण्यात डोंगा, होडी घालायला कोणी तयार नाही. चार दिवस तुम्ही शाळेच्या खोलीतच होतात म्हणे. मैत्रिणीची आई तलावाच्या पायरीवर बसून रडली, घरातलं माणूस गेल्यासारखी. मी घरी गेले, ते पान उघडलं आणि मिटून ठेवलं.

मग पुष्कळ वर्षं काही झालं नाही. मी अंगणवाडीत लागले. माझ्या हातांनी मी गावातली दोन पिढ्यांची पोरं वजनकाट्यावर बसवली. तुमची वही मी अधूनमधून काढायचे, पण ते पान बोटानं ओलांडून पुढं जायचे. नंतर खाण निघाली, ती आधी डोंगराच्या पलीकडे होती. आम्हाला फक्त दुपारचा ब्लास्टिंगचा आवाज यायचा, दूर कोणी जड दार लावावं तसा. मग भांडी हलायला लागली. मग विहिरीचं पाणी खाली गेलं, मग भिंतींना चिरा पडल्या. एका उन्हाळ्यात खाणीतून काढलेल्या मातीचा डोंगर तलावाच्या पलीकडच्या जंगलावरून दिसायला लागला, आणि जंगल दबत गेलं तसे वाघ आमच्या बाजूला सरकले. मोह वेचायला बाया एकट्या जाईनाशा झाल्या. गाव उठणार असं सगळे म्हणायचे, पण कोणी मोठ्यानं म्हणायचं नाही. घरात आजारी माणूस असलं की त्याच्यासमोर जसं बोलत नाहीत, तसं.

एक दिवस खाणीच्या सर्वेवाली मुलगी अंगणवाडीत आली. गोड बोलणारी, शिकलेली. पोरांच्या चटईवर मांडी घालून बसली. म्हणाली, गाव हलेल पण गावाची आठवण राहिली पाहिजे, आम्ही पुस्तक छापणार आहोत, जुन्या माणसांची नावं त्यात येतील. बाई, मला तुम्हीच बोलता आहात असं वाटलं. कोणी तरी इतक्या वर्षांनी तेच विचारत होतं. मी कोठीवरून वही काढली, पुसली, तिच्यापुढं ठेवली. तिनं पानापानाचे फोटो काढले, मग म्हणाली, दोन दिवसांसाठी नेऊ का. मी नेऊ दिली. ती पुन्हा आली नाही.

चार महिन्यांनी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर यादी लागली. पुनर्वसनात कोणाला घर मिळणार त्याची. सगळं गाव होतं त्यात. पाळीवरची सात घरं नव्हती. ती खाली वेगळ्या कागदावर होती, आणि त्यांच्या नावापुढं ‘अतिक्रमण, बाहेरचे’ असं होतं. तो शब्द मी ओळखला. वहीत तो माझ्या अक्षरात होता.

सुनावणी शाळेतच झाली, आपल्या वर्गात. टेबलावर पुनर्वसनाच्या साहेबापुढं तुमची वही होती, तिच्यात पिवळ्या चिठ्ठ्या खोचलेल्या. साहेब वाईट माणूस नव्हता. तो पान वाचून दाखवायचा, विचारायचा, काही म्हणायचं आहे का. माझी मैत्रीण उभी राहिली. नवरा वारल्यापासून ती एकटीच असते, दोन बकऱ्या आणि शिंगाड्याची वेल एवढाच तिचा संसार. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि सावकाश म्हणाली, “आमचा आबा आला नाई जी. त्याले आणला होता. तलाव फुटला तवा पाळ बांधाले माणसं पाह्यजे होते. वैनगंगेच्या पल्याडून सात घरं आणले, आन पाळ राखाले इथीच राहा म्हटलं.”

साहेबानं विचारलं, “कोणी आणलं?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. “हिच्या आजोबानं,” ती म्हणाली.

मला हे ठाऊक नव्हतं, बाई. खरंच नव्हतं. माझे आजोबा गावचे पाटील असल्यासारखे वागायचे हे ऐकलं होतं, पण हे कोणी घरी बोललं नव्हतं. बाबांना माहीत असणार. जाळं विणताना त्यांनी मान वर का केली नाही ते मला त्या वर्गात, खिडकीजवळ उभी असताना कळलं. साहेब म्हणाला, “हे कुठं लिहिलेलं आहे का?” आणि वहीतलं ते अर्धं कोरं पान सगळ्यांना दिसेल असं टेबलावर पडलेलं होतं.

मी पुढं झाले. सांगितलं, हे मी लिहिलं, नऊ वर्षांची होते, त्यांना न विचारता लिहिलं, आमच्या बाईंनी विचारून ये म्हटलं होतं, मी गेले नाही. मला आतून हलकं वाटलं, की आता सुटलं. साहेबानं पेन खाली ठेवलं. शांतपणे म्हणाला, “म्हणजे या वहीतलं बाकीचं तरी खरं आहे असं तुम्ही सांगू शकता का?” मी कोणतं पोर कोणाकडे खरंच गेलं होतं ते आठवायचा प्रयत्न केला. मी म्हटलं, सांगता येत नाही. त्यानं चिठ्ठ्या काढून टाकल्या, वही मिटली, आणि शेरा लिहिला की हा दस्तऐवज पुरावा म्हणून धरू नये. आंधळी म्हातारी, बुडालेली पोरं, वाघानं नेलेला गुराखी, सगळी एका शेऱ्यात गेली. मैत्रिणीच्या बाजूचं ठरवून मी बोलले होते. सात घरांतल्या चौघांकडे जुनी रेशन कार्डं सापडली, त्यांना घरं मिळाली. तिघांकडे काहीच नव्हतं. त्या तिघांत ती होती.

आम्ही दिवाळीनंतर नव्या वसाहतीत आलो. एकसारखी घरं, रांगेत नंबर. कोण कोणाच्या शेजारी ते सोडतीनं ठरलं, त्यामुळे कोणीच कोणाच्या शेजारी नाही. गावातल्या घरांच्या छपरावरची कवेलू आणि दारं लोकांनी काढून आणली. वीज तोडली गेली. पाळीवरच्या उरलेल्या दोन घरांतली माणसं लेकींकडे निघून गेली. ती राहिली.

मी दोनदा जाऊन आले. दुसऱ्यांदा गेले तेव्हा ती पायरीवर जाळं धूत होती. मातीचा डोंगर तलावाच्या पाण्यात दिसत होता. मी म्हटलं, चल माझ्याकडे. तिनं विचारलं, “तुह्या सुनेले विचारलं का?” मी विचारलं नव्हतं. दोन खोल्या आहेत, मुलगा, सून, नातू. ती हसली आणि मला शाळेकडे हात करून दाखवलं. सपाट, रोजच्या आवाजात म्हणाली, “वाघ आता शाळेच्या ओट्यावर येऊन बसते. मी इथून त्याले पायतो, तो मले पायते.” मी म्हटलं, वनखात्याला कळवलं का. ती म्हणाली, कळवलं, त्यांच्या कागदावर इथं कोणी राहत नाही. मग तिनं मला उजेड आहे तोवर जा म्हटलं, आणि पाळीच्या टोकापर्यंत हातात काठी घेऊन सोडायला आली. परत ती एकटी गेली. मी वळून पाहिलं नाही, कारण वळून पाहिलं असतं तर थांबावं लागलं असतं.

हे सगळं कशासाठी लिहिते आहे ते आता सांगते. परवा दुपारी, जेवणं झाल्यावर, तिचा फोन आला. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. सून समोर होती. मी स्क्रीनवर नाव पाहिलं आणि फोन तसाच वाजू दिला. काय बोलेल ते ऐकायची हिंमत नव्हती, आणि ‘ये’ म्हणायची तर त्याहून नाही. तो पूर्ण वाजून बंद झाला. मग पुन्हा एकदा वाजला, यावेळी थोडाच.

काल सकाळपासून मी लावते आहे, बंद लागतो आहे. इथून गाव अकरा किलोमीटर आहे, चौकात ऑटो उभे असतात. आणि मी, बाई, दार ओढून घेऊन हे लिहीत बसले आहे.