खोक्याचे हापिस पुन्हा उघडू देण्याबाबत

प्रति,
मा. शिक्षण निरीक्षक साहेब,
पूर्वप्राथमिक विभाग

विषय : बालवर्गातून जप्त केलेले लाकडी खोके परत मिळणेबाबत.
संदर्भ : आपली वर्गभेट व त्यानंतरची कारणे दाखवा नोटीस.

महोदय,

बालवर्गाची शिक्षिका (यापुढे 'अर्जदार') आपल्या नोटिशीचा खुलासा सादर करते तो असा :

१. मुलांना हवे ते खेळू द्यावे, मोठ्यांनी मध्ये तोंड घालू नये, असे परिपत्रक आपल्याच सहीने आले. अर्जदार भोळी, तिने ते खरे मानले. मुलांनी खोके पालथे घालून 'हापिस' थाटले. एक पोरगा त्यामागे बसून पेंगू लागला, बाकीची कागद घेऊन रांगेत उभी राहिली. यातले काहीही अर्जदाराने शिकवलेले नाही.

२. भेटीच्या दिवशी आपण रांग मोडून पुढे गेलात. शिपाई झालेल्या चार वर्षांच्या मुलीने आपणांस अडवले व सांगितले, "साहेब जेवायला गेलेत. उद्या या." आपल्या कारकुनाला हसू आवरेना. त्याच दुपारी खोके जप्त झाले, आणि मुक्त खेळाच्या तासाला सर्वांनी एकच फूल एकाच रंगाने रंगवावे, असा लेखी आदेश निघाला. मुक्त खेळाचा असा अर्थ काढायला वरची जागाच लागते.

३. हे उद्धट वाक्य मुलीला कोणी शिकवले, असे आपण विचारता. ती मुलगी शाळेत आल्यापासून एक शब्द बोलली नव्हती. ते तिचे पहिले वाक्य. अर्जदाराला रडू आले, आपणांस राग आला. ज्याची त्याची समज. आईकडे चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. मुलगी बोलत नाही, तिला उपचारासाठी शिफारसपत्र द्या, म्हणून ती माउली लेकीला कडेवर घेऊन उन्हाळाभर आपल्याच हापिसाच्या दारात उभी होती. 'चोराच्या उलट्या बोंबा' ही म्हण अर्जदार येथे मुद्दाम लिहीत नाही.

४. खोके गेल्यापासून मुलगी पुन्हा गप्प आहे. सांगितलेले फूल मुकाट्याने रंगवते. अर्जदाराची बदली आपण खुशाल करावी, तिचे काही म्हणणे नाही. मात्र शिफारसपत्र देणे आपणांस झेपत नसेल, तर निदान खोके तरी द्यावे. मुलीला तेवढ्यावर बोलता येते.

आपली, अजून तरी नम्र,
(सही)
बालवर्गाच्या बाई

दिनांक : नोटिशीची मुदत संपण्याच्या आत

सोबत : आईच्या अर्जाची नक्कल. मूळ अर्ज आपल्याकडे शोधणे चालू आहे, असे कळते.